वाचकांचे प्रश्न : सह्याद्रीचा कातळ आणि त्याचा इतिहास

सह्याद्रीच्या भूगर्भीय घडणीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून, निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे केरळपर्यंत जाते आणि तिकडचे खडक अगदी वेगळे आहेत. येथील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील सह्याद्रीला लागू आहेत.

प्रश्न : कळसूबाईचे शिखर दुरून शंकूसारखे दिसते. सह्याद्री ज्वालामुखीतून निर्माण झाला असे आम्ही शाळेत शिकलो. मग कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड यांपैकी जुना ज्वालामुखी नेमका कोणता, आणि त्याचे मुख कोठे आहे? (एक गिर्यारोहक, नाशिक)

यांपैकी एकही शिखर ज्वालामुखी नव्हते. ज्वालामुखी म्हटले की उंच शंकू आणि त्याच्या माथ्यावरचे विवर असे चित्र आपल्या मनात उभे राहते, परंतु दख्खनमध्ये जे घडले त्याचे स्वरूप निराळे होते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा बाहेर पडून आसपासच्या सखल प्रदेशात पसरत गेला. या लाव्ह्यात सिलिकाचे प्रमाण कमी असल्यामुळे तो पातळ होता. मुखाभोवती साचून त्याचा डोंगर होण्याऐवजी तो दूरवर वाहत जाई. एक प्रवाह थिजला की कधी लगेच, तर कधी हजारो वर्षांनी, त्याच्यावर दुसरा येऊन पसरे. असे शेकडो थर एकावर एक साचून जो काळा खडक तयार झाला, तो बेसॉल्ट. या संपूर्ण प्रदेशाला भूशास्त्रात दख्खन ट्रॅप असे नाव आहे.

आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उरला आहे. मूळचा विस्तार याहून बराच मोठा होता, कारण त्याचा काही भाग अरबी समुद्राच्या तळाखाली गेला आहे आणि बराचसा झिजून नाहीसा झाला आहे. लाव्हा किती लांब वाहू शकतो याचा सर्वात विलक्षण पुरावा आंध्र प्रदेशात आहे. तेथे राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी बेसॉल्टचे थर आढळतात आणि त्यांची रासायनिक घडण सह्याद्रीतील काही प्रवाहांशी इतकी जुळते की, पश्चिमेकडचा लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून जवळजवळ हजार किलोमीटर वाहत तेथवर पोचला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आपल्याला मुख पाहायचेच असेल, तर शिखरे सोडून डाइक पाहावेत. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्यांतील काही भेगांमध्ये तो तसाच थिजून राहिला आणि आडव्या थरांना छेदून जाणारे उभे, अरुंद, लांबलचक खडक तयार झाले, तेच डाइक. नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत, नाशिक ते पुणे या पट्ट्यात आणि कोकण किनाऱ्यावर ते मोठ्या संख्येने आहेत. कळसूबाईचा शंकू मात्र पावसाने आणि ओढ्यांनी कोरलेला आहे. जवळ जाऊन कडे न्याहाळले की आडवे पट्टे एकावर एक स्पष्ट दिसतात. ते शिखर ज्वालामुखीचा शंकू असते, तर त्याचे थर मध्यापासून सर्व बाजूंना उतरते दिसले असते.

एवढा लाव्हा आला कोठून, हे आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. त्या काळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो भूकवचाखालच्या प्रावरणातून वर येणाऱ्या अतितप्त द्रव्याच्या स्तंभावर आला. तोच स्तंभ आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन ही बेटांची व सागरतळावरील उंचवट्यांची ओळ म्हणजे त्या प्रवासाचा माग होय. दुसरा पुरावा खुद्द आपल्या कातळात आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. १९५६ साली दख्खनच्या बेसॉल्टवर झालेली अशी मापने प्रसिद्ध झाली आणि हा खडक दक्षिण गोलार्धात थिजलेला आहे हे त्यांतून दिसले. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. तिच्या बाजूने जमा झालेल्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या काळ्या कातळाचा वाटा आहे.

प्रश्न : सह्याद्री हिमालयापेक्षा जुना आहे असे वाचतो. पण हिमालय दोन्ही बाजूंनी चढावा-उतरावा लागतो, तर आपल्याकडे कोकणातून घाट चढून माथ्यावर आले की पूर्वेला फारसा उतार लागतच नाही, सरळ देश सुरू होतो. एकाच बाजूला उतार असलेला हा पर्वत कसा? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

आपण नोंदवलेली गोष्ट हाच सह्याद्री समजून घेण्याचा खरा मार्ग आहे. हिमालय हा वळ्यांचा पर्वत आहे. भारतीय भूखंड आशियावर आदळू लागला तेव्हा, म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपासून, मधला गाळ चेपला गेला, त्याला वळ्या पडल्या आणि तो उंचावला. सह्याद्रीत अशी वळी कोठेही नाही. त्याचे थर कोट्यवधी वर्षे जवळजवळ आडवेच राहिले आहेत. सह्याद्री म्हणजे एका प्रचंड पठाराची पश्चिमेकडची तुटलेली, झिजलेली कड आहे, आणि कडेला उतार एकाच बाजूला असतो.

येथे दोन वयांमध्ये फरक करावा लागतो. खडक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा मोठा भाग भूशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या अवधीत, म्हणजे सुमारे दहा लाख वर्षांत, साचला. डोंगराचा आजचा आकार मात्र त्यानंतरच्या सगळ्या काळाची निर्मिती आहे. लाव्ह्याचे उद्रेक होत असतानाच्या सुमारास भारताच्या पश्चिमेची भूमी फाटू लागली आणि सेशेल्स बेटांचा भूभाग आपल्यापासून अलग झाला. त्या फाटण्यात किनाऱ्याकडचा प्रदेश खचला आणि आतला प्रदेश उंचावला. याची खूण पनवेल ते मुंबई या पट्ट्यात पाहायला मिळते: घाटात आडवे असणारे थर तेथे पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत. समुद्रात मुंबई हायच्या तेलक्षेत्राखालीही हाच बेसॉल्ट लागतो.

आजचे कडे ज्या ठिकाणी आहेत तेथे जमीन तुटली, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो दुरुस्त करायला हवा. भूभंगाच्या मुख्य रेषा बऱ्याच पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला आहेत. कड आधी तिकडे होती. समुद्राकडे वेगाने उतरणाऱ्या नद्यांनी ती पोखरत पोखरत पूर्वेला मागे रेटली आणि मागे उरलेला सखल पट्टा म्हणजे आपले कोकण. ती मागे सरकताना जे तुकडे सुटे राहिले, ते आजही कोकणात उभे आहेत. माथेरान आणि प्रबळगड यांचे सपाट माथे आणि त्यांच्या कड्यांतील आडवे थर पाहिले, की हे डोंगर एके काळी समोरच्या घाटमाथ्याला जोडलेले होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्वेकडच्या नद्याही हेच सांगतात. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, तेथून अरबी समुद्र साधारण ८० किलोमीटरवर आहे. तरीही ती पाठ फिरवून १४०० किलोमीटरहून लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. भीमा आणि कृष्णा यांची गोष्ट तीच. पठार पूर्वेकडे हलकेच कललेले आहे आणि या नद्या त्या जुन्या उताराशी प्रामाणिक राहिल्या आहेत.

प्रश्न : राजगड असो की हरिश्चंद्रगड, कडा, मग उतार, मग पुन्हा कडा अशी रचना सगळीकडे दिसते. ही पायऱ्यापायऱ्यांची रचना नैसर्गिक आहे का? काही कड्यांत तांबड्या मातीची आडवी पट्टीही दिसते, ती कशाची? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

रचना पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि तिचे कारण प्रत्येक प्रवाहाच्या आत दडलेले आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे वर जातात. त्यामुळे प्रवाहाचा वरचा भाग छिद्रांनी भरलेला राहतो आणि मधला गाभा घट्ट, काळा, एकसंध होतो. पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवट खनिजे साचतात. सच्छिद्र भागात पाणी शिरते, तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम आणि माती होते, म्हणून तेथे उतार तयार होतो आणि त्यावर झाडी धरते. घट्ट गाभ्याला मात्र थंड होताना उभ्या भेगा पडलेल्या असतात. खालचा मऊ भाग झिजून आधार सुटला की हा गाभा त्या उभ्या भेगांवरून तुकड्या-तुकड्यांनी कोसळतो, आणि म्हणून कडा लाखो वर्षे झिजत राहूनही उभाच राहतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर उभे राहिल्यावर ही क्रिया किती मोठ्या प्रमाणावर चालू शकते याची कल्पना येते.

तांबडी पट्टी ही दोन प्रवाहांच्या मधल्या विश्रांतीची नोंद आहे. एक प्रवाह थिजला, त्याचा पृष्ठभाग ऊनपावसात कुजून त्यावर माती धरली, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख येऊन पडली, आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने ती माती झाकली व भाजली. मातीतील लोहाचे ऑक्सिडीकरण झाल्यामुळे तिला विटकरी रंग आला. या पट्टीची जाडी काही सेंटिमीटरपासून एखाद-दुसऱ्या मीटरपर्यंत असते. घाटरस्त्यांसाठी डोंगर कापला आहे तेथे ती सर्वात चांगली दिसते, पण अशा जागी गाडी थांबवणे धोक्याचे असते. पायवाटेने जाताना तिचा शोध घ्यावा. या पट्ट्यांमध्ये झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक सापडतात आणि त्यांतील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून उद्रेकांचा काळ काही दहा हजार वर्षांच्या अचूकतेने ठरवता येतो.

सह्याद्रीतील माणसांनी ही रचना भूशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी ओळखली होती, याचे मला फार कौतुक वाटते. गडाची माची बहुधा मऊ थर झिजून तयार झालेल्या सपाटीवर असते, आणि बालेकिल्ल्याचा कडा हा वरच्या घट्ट प्रवाहाचा असतो. तटबंदीचे निम्मे काम निसर्गाने करून ठेवलेले असते. झिरपणारे पाणी दोन प्रवाहांच्या सांध्यावर, विशेषतः पाणी न जिरणाऱ्या तांबड्या पट्टीवर, अडते आणि तेथून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गडांवरील पाण्याची टाकी खोदताना जागा निवडणाऱ्यांना कातळाचा हा स्वभाव ठाऊक होता, आणि टाकी खोदताना निघालेला दगड तटाला वापरता येत असे. भाजे, कार्ले येथील लेणी किंवा वेरूळचे कैलास लेणे कोरताना मोठ्या भेगा नसलेला जाड, एकसंध थर हेरणे हे पहिले आणि सर्वात अवघड काम असले पाहिजे, कारण कळसापासून खाली कोरत आणलेल्या मंदिराच्या पोटात मधेच फुटका थर लागला असता तर सारे श्रम वाया गेले असते.

आणखी एक गोष्ट हिंडताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. थर आडवे दिसत असले, तरी सबंध रांगेचा विचार करता ते दक्षिणेकडे अत्यंत मंदपणे, एका अंशाहूनही कमी, कललेले आहेत. परिणामी इगतपुरी, कळसूबाईच्या परिसरात जुने प्रवाह उघडे पडले आहेत आणि महाबळेश्वर, पन्हाळ्याकडे नवे. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या रासायनिक घडणीवरून त्यांचे गट पाडले असून त्यांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे दिली आहेत. जगभरातील शोधनिबंधांत ही आपली गावे आणि घाट कालगणनेच्या खुणा म्हणून येतात.

प्रश्न : अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब षटकोनी कसे? (मुंबई)

जाड प्रवाह सावकाश आणि सर्वत्र सारख्या गतीने थंड झाला की तो आकसतो आणि त्याला भेगा पडतात. आटलेल्या तळ्यातील चिखलाला पडतात तशाच या भेगा असतात, फक्त त्या पृष्ठभागावर थांबत नाहीत. खडक जसजसा आतपर्यंत थंड होतो तसतशा त्या आत आत जात राहतात आणि उभे खांब तयार होतात. सारख्या ताणाखाली पृष्ठभाग कमीत कमी भेगांनी विभागायचा तर सहा बाजूंचा आकार सोयीचा ठरतो. प्रत्यक्षात पाच आणि सात बाजूंचे खांबही आढळतात. गिल्बर्ट हिलची उंची सुमारे ६० मीटर आहे. चहूबाजूंनी वस्तीने वेढलेला हा अवशेष जपला गेला पाहिजे.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या खोदकामात दगडाच्या पोकळीत हिरवट आणि गुलाबी स्फटिक निघाले. ही रत्ने आहेत का? (शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

दागिन्यात बसवण्याइतके कठीण ते नसतात, म्हणून त्यांना रत्ने म्हणता येणार नाही, परंतु खनिजांच्या संग्राहकांना त्यांचे मोल फार असते. वर्णनावरून हिरवट स्फटिक ॲपोफिलाइटचे आणि गुलाबी स्टिल्बाइटचे असावेत. लाव्ह्यातील बुडबुड्यांच्या पोकळ्या सुरुवातीला रिकाम्या होत्या. पुढे कोमट आणि उष्ण भूजल खडकातून फिरत राहिले, त्याने बेसॉल्टमधील कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून नेली आणि या पोकळ्यांत स्फटिकरूपाने साठवली. ही क्रिया लाव्हा थिजल्यानंतरही लाखो वर्षे चालू राहिली. झिओलाइट गटातील खनिजांसाठी महाराष्ट्र जगात अग्रगण्य मानला जातो. पुण्याजवळच्या वाघोली येथील खाणींतून निघालेले कॅव्हनसाइट हे गर्द निळे, व्हॅनेडियमयुक्त खनिज तर इतके देखणे आहे की जगातील अनेक मोठ्या संग्रहालयांत त्याचे नमुने मांडलेले आहेत.

एक विनंती करावीशी वाटते: पोकळी फोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. स्फटिक कोणत्या थरात आणि कोणत्या क्रमाने वाढले, ही माहिती ते जागेवर असतानाच मिळते.

प्रश्न : पाचगणीचे टेबललँड आणि आमच्या कोकणातले सडे दोन्ही जांभ्याचे. हा दगड काळ्या कातळावर कोठून आला? (रत्नागिरी)

तो कोठून आलेला नाही. काळ्या कातळापासूनच तो तेथल्या तेथे तयार झाला आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस दीर्घकाळ मिळाला की बेसॉल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते. सहजी न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात आणि त्यांच्या ऑक्साइडांचा तांबडा, छिद्रमय दगड बनतो. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले, तेथे बॉक्साइट तयार झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील काही सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, त्याच्या खाणी आहेत. चिरेखाणीतून काढताना जांभा मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो, हे आपल्याला अनुभवाने माहीत असेलच.

महाबळेश्वर, पाचगणी, कास येथील जांभा बाराशे-तेराशे मीटर उंचीवर आहे, तर कोकणातला समुद्रसपाटीपासून फार तर दोनशे मीटरपर्यंत. वरचा जांभा जुन्या पठाराच्या पृष्ठभागावर तयार झाला आणि त्या टणक आवरणामुळेच टेबललँडचा माथा सपाट राहिला. कोकणातला जांभा कड मागे सरकून सखल प्रदेश निर्माण झाल्यानंतरचा, म्हणून वयाने लहान. कासच्या सड्यावर जांभ्यावरील मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही, आणि त्या अभावामुळेच पावसाळ्यात तेथे रानफुलांना मोकळी जागा मिळते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चनंतर विहिरी तळ गाठतात, त्यालाही जांभाच बऱ्याच अंशी कारण आहे: त्याच्या छिद्रांतून पाणी झपाट्याने आत जाते आणि तितक्याच झपाट्याने उतारावरून बाहेर पडते. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे याच दगडावर कोरलेली आहेत. जांभ्याच्या खाणी वाढत असताना ती आधी मोजून, नोंदवून घेणे हे तातडीचे काम आहे.

प्रश्न : आठवीतल्या माझ्या मुलीने विचारले, डायनोसॉर अशनीने मेले की आपल्या दख्खनच्या लाव्ह्याने? मला उत्तर देता आले नाही. (पालक, नागपूर)

आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांमध्येही चर्चेत आहे. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा अशनी आदळला, तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. दख्खनचे उद्रेकही त्याच सुमाराचे. उद्रेकांतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने हवामान तापले असणार आणि गंधकाच्या वायूंनी काही काळ थंडी व आम्लपाऊस आणला असणार. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी दख्खनच्या थरांची अत्यंत अचूक कालमापने प्रसिद्ध केली. झिरकॉनवर काम करणाऱ्या गटाला उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाल्याचे आणि त्यांतील एक टप्पा डायनोसॉर नष्ट होण्याच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झाल्याचे दिसले. बेसॉल्टमधील आर्गॉन मोजणाऱ्या गटाच्या मते मात्र लाव्ह्याचा बहुतांश भाग अशनी आदळल्यानंतर बाहेर पडला. अंतिम आघात अशनीचा होता, याकडे आज बहुसंख्य अभ्यासकांचा कल आहे आणि मलाही ते पटते. दख्खनने आधीचे हवामान किती बिघडवले होते, हा वादाचा खरा मुद्दा आहे.

आपण विदर्भात राहता, तेव्हा मुलीला हेही सांगावे की, या गोष्टीचे पुरावे तिच्यापासून फार दूर नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे लाव्ह्याच्या खाली असलेल्या गाळाच्या थरांत डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत असल्याचा असा पुरावा हाती नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी निर्माण होत आणि त्यांत जीवसृष्टी पुन्हा नांदत असे; मुंबईत वरळीला अशाच तळ्याच्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते.

प्रश्न : वज्रेश्वरी, उन्हेरे, तुरळ, राजापूर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. याचा अर्थ खाली अजून लाव्हा आहे का? कोयनेचे भूकंप त्यामुळेच होतात का? (चिपळूण)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला आणि ज्या तप्त स्तंभातून तो आला, त्याच्यापासून आपण हजारो किलोमीटर दूर सरकलो आहोत. भूकवचात खोल गेल्यास तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली जाऊन तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणातील झरे उत्तर-दक्षिण अशा एका पट्ट्यात येतात, ते या भेगांमुळे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ६.३ रिश्टरचा होता. जलाशयातील पाण्याने खालच्या जुन्या भेगांवरील दाब बदलून तो घडून आला, असे मानले जाते. त्या भेगांचा अभ्यास करण्यासाठी तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट व नाइस हे अतिप्राचीन खडक. हे प्राचीन खडक पाहण्यासाठी छिद्र घेण्याची गरज नाही; सिंधुदुर्गात, जेथे बेसॉल्टचे आवरण संपते, तेथे ते जमिनीवर उघडे आहेत.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या पोटाशी आहे. कातळ इतका भक्कम असताना दरडी का कोसळतात? आम्ही काय पाहावे? (रायगड जिल्हा)

३० जुलै २०१४ रोजी माळीण, जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे जे घडले, त्यानंतर हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात आपल्या मनात असणार, हे मी समजू शकतो. अशा ठिकाणी खाली येते ते कातळावर साचलेले माती, मुरूम आणि सुट्या धोंड्यांचे आवरण. कड्याखालच्या उतारावर ते कित्येक मीटर जाड असू शकते. अतिवृष्टीत पाणी या आवरणात मुरते, खालच्या घट्ट कातळावर किंवा तांबड्या पट्टीवर अडते आणि तेथे दाब वाढत जातो. आवरण जड होते, कणांमधली पकड सुटते आणि सारा उतार एकदम सरकतो. म्हणून दरडीचा धोका अनेक तासांच्या सलग पावसानंतर सर्वाधिक असतो आणि पाऊस थोडा ओसरल्यावरही टिकून राहतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला असेल, वरच्या बाजूला सपाटीकरण करून नैसर्गिक ओहोळ बुजवला असेल, तर धोका आणखी वाढतो.

पावसाळ्यापूर्वी वाडीच्या वरच्या उतारावर चार जाणत्या माणसांनी फिरून यावे. उताराला आडव्या जाणाऱ्या नव्या भेगा, जमिनीचा खचलेला पट्टा, कललेली झाडे आणि विजेचे खांब यांची नोंद करावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतील अंतर दर आठवड्याला मोजावे. ते वाढत असेल तर तलाठी व तहसील कार्यालयाला लेखी कळवून भूवैज्ञानिकांची पाहणी मागावी. पावसात झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वाहता झरा अचानक थांबणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे, घरांच्या भिंतींना नवे तडे जाणे, दारे चौकटीत अडकू लागणे, वरून दगड घरंगळण्याचे आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले तर खात्री करत बसू नये. रात्र असली तरी लहान मुले आणि वृद्धांसह वाडी सोडावी, आणि जाताना ओढ्याच्या पात्राने न जाता बाजूच्या धारेवरून जावे, कारण सुटलेला राडा आधी ओढ्याचीच वाट धरतो.